हाफक्लच बाईंची उन्हावरची गाडी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक ड्रायव्हिंग स्कूल आहे. स्कूल म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता आणि बाहेर उभी असलेली एकोणीस वर्षांची पांढरी गाडी. तक्त्यावरचा 'थांबा' कधीच फिका पडला आहे, 'हॉर्न वाजवू नका' मात्र अजून ठसठशीत आहे. या शाळेच्या मालकीण, मुख्याध्यापिका आणि एकमेव शिक्षिका म्हणजे हाफक्लच बाई.

मी नोकरीला लागलो त्या वर्षी त्या माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसायच्या. तेव्हा मी त्यांना 'ए मुली' म्हणत असे. पुढे एकसष्टाव्या वर्षी मी त्यांच्याकडे गाडी शिकलो आणि पहिल्याच तासात त्यांना 'अहो बाई' म्हणू लागलो. मी त्यांना त्रैराशिक शिकवलं होतं, त्यांनी मला रिव्हर्स शिकवला. दोन्हींत त्याच जास्त यशस्वी ठरल्या.

नावाचा खुलासा करायला हवा. क्लच पुरता दाबलेला नाही आणि पुरता सोडलेलाही नाही, अशा मधल्या जागी पाय धरला की गाडी रांगत्या बाळासारखी पुढे सरकते. ती जागा म्हणजे हाफ क्लच. पायाला ती सापडली की माणूस ड्रायव्हर झाला. नाही सापडली तर गाडी आचका देऊन बंद पडते आणि मागचे सगळे हॉर्न वाजवतात. बाई दिवसभर 'हाफ क्लच, हाफ क्लच' ओरडत असतात आणि घरी गेल्यावरही तो शब्द त्यांच्या जिभेवरून उतरत नाही. दूध उतू जायला लागलं की 'हाफ क्लच!' मुलगी फोनवर नवऱ्याची तक्रार तावातावाने सांगायला लागली की 'अगं, हाफ क्लच!' त्यांचे यजमान घराच्या पुढच्या खोलीतल्या दुकानात कपडे आल्टर करतात. त्यांचं मशीन जरा जोरात धावायला लागलं की आतल्या खोलीतून तोच आवाज येतो, आणि ते खरंच पाय सैल सोडतात.

तीस वर्षांत बाईंनी अकराशेहून जास्त माणसं रस्त्यावर सोडली. या अकराशे जणांचा हिशेब त्यांच्या डाव्या गुडघ्यात जमा झाला होता.

शिकवण्याच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. शिकणाऱ्याचा पाय चुकला की शिक्षकाने दाबायचा. गुडघा दुखून चालवेना तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "दिवसातून किती वेळा दाबता?" बाईंना सांगता येईना. मग मी एक तास मागच्या सीटवर बसून मोजलं. एकशे चाळीस वेळा. दिवसाला सहा विद्यार्थी. म्हणजे आठशे चाळीस.

आकडा ऐकून डॉक्टर म्हणाले, "बाई, गुडघा तरी ठेवा नाहीतर क्लच तरी. दोन्ही राहणार नाहीत. शिकवणं बंद करा."

"बंद करून काय करू?"

"आराम करा."

"तो मला येत नाही हो," बाई म्हणाल्या. "मला एवढंच येतं."

हे त्या इतक्या साधेपणाने म्हणाल्या की डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी उगाचच पुन्हा एकदा वाचली.

शाळेचा परवाना महिन्या-दीड महिन्यात संपणार होता. नवीन परवान्यासाठी गाडी तपासून घ्यावी लागते. बाईंनी ठरवलं, तोपर्यंत गुडघा न मागणारी गाडी मिळाली तर शाळा चालू, नाहीतर पाटी खाली.

त्या संध्याकाळी बाईंच्या स्वयंपाकघरात सभा भरली. बाई, यजमान, मी आणि बाईंचा धाकटा भाऊ. हा गाड्यांचं वायरिंग करतो. राग फटकन येतो आणि फटकन जातो, म्हणून त्याला सगळे फ्यूज म्हणतात.

पहिला विषय, विजेवरची नवी गाडी. फ्यूजने किंमत सांगितली. यजमानांनी हातातल्या पँटची दुमड सोडली आणि म्हणाले, "एवढ्यासाठी दुकान विकलं, मशीन विकलं आणि सोबत मलाही दिलं, तरी पुरायचं नाही."

"तुम्हाला कोण घेतंय?" बाई म्हणाल्या. "पुढचं बोल रे."

पुढचं म्हणजे गॅस. पेट्रोलपेक्षा स्वस्त खरा, पण डिकीत सिलिंडर बसणार आणि क्लच जिथल्या तिथे राहणार. तो विषय चहा गाळेपर्यंतच टिकला. मग फ्यूजच्या ओळखीचा एक खानावळवाला होता, तो आपली डिझेलची व्हॅन तळणाच्या उरलेल्या तेलावर चालवायचा. गाळून, निवळून, अगदी मन लावून. दुसऱ्या दिवशी त्याने आम्हा चौघांना फिरवून आणलं. गाडी झकास चालली. पण तीन चौक जाईपर्यंत मागे दोन कुत्री लागली आणि आम्हा सगळ्यांना कडकडून भूक लागली.

"हिच्यात शिकवायचं," बाई उतरता उतरता म्हणाल्या, "तर दर तासाला पोरांना जेवू घालावं लागेल."

शेवटी फ्यूजनेच तोडगा काढला. जुन्याच गाडीचं इंजिन काढायचं आणि मोडीत निघालेल्या विजेच्या मालटेम्पोची मोटर तिच्यात बसवायची. बॅटऱ्या मात्र नव्या. नव्या गाडीच्या पाव किमतीत काम होणार होतं. त्या पावातही निम्म्याहून जास्त पैसे बॅटऱ्याच खाणार होत्या.

"क्लच?" बाईंनी विचारलं.

"लागतच नाही, ताई. दाबायलाच काही नाही!"

बाईंनी टेबलाखाली पाय लांब केला आणि किती तरी दिवसांनी त्या मोठ्याने हसल्या.

छपरावर सौर पत्रे लावायची कल्पना मात्र बाईंची स्वतःची. "ही दिवसभर रस्त्यावर तापत उभी असते. तापतेच आहे तर काही कमवू दे." हिशेब करायचं काम माझ्याकडे आलं. छपरावर चार पातळ पत्रे मावतात. दिवसभर चांगलं ऊन मिळालं तर ते साधारण दीड युनिट वीज देतील, आणि तेवढ्यात गाडी तेरा किलोमीटर जाईल.

"तेरा!" फ्यूज उडाला. "ताई, तेरा किलोमीटरसाठी कोणी छपराला भोकं पाडतं का? म्हणून तर उन्हावरच्या गाड्या कोणी विकत नाही."

"ज्यांना लांब जायचंय त्यांनी घेऊ नये," बाई म्हणाल्या. "माझा विद्यार्थी तासाला चार किलोमीटर जातो. त्यातले दोन चुकीच्या रस्त्याने."

मी पुन्हा मांडलं. सहा विद्यार्थी, चार किलोमीटर, एकूण चोवीस. निम्म्याहून जास्त ऊन देणार आणि उरलेलं दुकानातल्या प्लगमधून भरायचं. या पृथ्वीतलावर उन्हावरची गाडी जर कोणाला परवडत असेल तर ती बाईंनाच, असं उत्तर आलं. तरी मास्तरकीला जागून मी हेही सांगितलं की पत्र्यांचे पैसे वसूल व्हायला आठ वर्षं लागतील.

"छान," बाई म्हणाल्या. "म्हणजे अजून आठ वर्षं मला शिकवावंच लागणार."

गाडी तयार झाली आणि आमच्या गल्लीचे नियम उलटे झाले. आजवर सगळे सावलीसाठी भांडत. आता बाई उन्हासाठी भांडू लागल्या. समोरचे निवृत्त पोस्टमास्तर भला माणूस. बाईंचा गुडघा दुखतो म्हणून त्यांनी झाडाखालची आपली जागा बाईंना देऊ केली.

"नको हो, मला उन्हात राहू द्या!"

"अहो संकोच कसला? या ना सावलीत."

"पोस्टमास्तर, तुम्ही माझी गाडी उपाशी मारायला निघालात!"

पोस्टमास्तर दोन दिवस दुखावलेले होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्या सौभाग्यवतींनी छपरावरच्या पत्र्यांवर त्यांचे मोजे वाळत घातले, तेव्हा फिटंफाट झाली. विद्यार्थ्यांनाही नवे धडे मिळाले. गाडी लावताना आधी आरसा बघायचा नाही, आधी आकाश बघायचं. दुपारच्या तुकडीतले विद्यार्थी ओला टॉवेल घेऊन येऊ लागले. तो सीटवर अंथरायचा, त्यावर बसायचं आणि बसताना ओरडायचं नाही.

गुडघा शांत झाला. बाई गाणी गुणगुणत शिकवू लागल्या. आणि नेमकी तिथेच चूक झाली.

नव्या गाडीतली पहिली विद्यार्थिनी वाचनालयातली होती. सहा दिवसांत गाडी शिकली. अकराशे विद्यार्थ्यांत बाईंनी असं कोणी पाहिलं नव्हतं. बाईंनी तिचं तोंडभरून कौतुक केलं. सातव्या दिवशी तिने घरची साधी पेट्रोलची गाडी काढली. ती बेडकासारख्या उड्या मारत पोर्चमधून निघाली आणि फुलझाडांच्या पाच कुंड्या घेऊन थांबली.

संध्याकाळी ती एका कुंडीचा तुकडा घेऊन शाळेत आली. "मॅडम, तुम्ही मला लिफ्ट चालवायला शिकवलंत. आमच्या घरी घोडा बांधलाय!"

बाई रात्रभर जागल्या असाव्यात, कारण सकाळी फ्यूजकडे गेल्या तेव्हा त्यांचं सगळं ठरलेलं होतं.

"हिला क्लच बसव."

"ताई, क्लच काढायला मी तीन आठवडे घालवलेत!"

"खरा नको. खोटा बसव. विद्यार्थ्याने पाय पटकन सोडला की गाडी बंद पडली पाहिजे."

फ्यूज खालीच बसला. "जगातली माणसं गाडी बंद पडू नये म्हणून जिवाचं रान करतात. आणि मी मुद्दाम बंद पाडू?"

"अरे, बंद पडल्याशिवाय माणूस शिकतो कुठे?"

यावर मी, चाळीस वर्षं शिकवलेला माणूस, मान डोलावल्याशिवाय राहू शकलो नाही. फ्यूजने माझ्याकडे गद्दाराकडे बघावं तसं बघितलं.

त्याने आठ दिवसांत केलं. विद्यार्थ्याच्या पायाशी जुनाच पेडल आला, त्याला स्प्रिंग आणि एक वायर. पाय झटक्यात सुटला की मोटरचा प्रवाह तुटायचा, गाडी आचका देऊन थांबायची आणि डॅशबोर्डखालच्या छोट्या स्पीकरमधून इंजिनाचा अखेरचा 'घर्र' ऐकू यायचा. तो 'घर्र' पोस्टमास्तरांच्या गाडीचा होता. त्यांनी तो मोठ्या अभिमानाने ध्वनिमुद्रित करू दिला. आचक्याची परीक्षा घ्यायला बाई डोळे मिटून बसायच्या.

"हे काय? ही तर माफी मागून बंद पडतेय. जरा घाणेरडी बंद पडू दे."

"एवढी?"

"अजून. मागच्याला शिवी द्यावीशी वाटली पाहिजे."

चौथ्या प्रयत्नाला मी मागे बसलो होतो, तर माझा चष्मा पुढच्या सीटवर जाऊन पडला. बाईंनी डोळे उघडले. "हं! आता गाडी झाली."

परवाना संपायच्या दिवशी, अगदी शेवटच्या दिवशी, तपासणीची वेळ मिळाली. कार्यालयामागच्या मैदानात आम्ही सगळे गेलो. यजमान दुकान बंद ठेवून आले होते. लग्नानंतर त्यांनी दुकान बंद ठेवल्याचं मला आठवत नाही. तपासनीस साहेब चाळिशीचे, इस्त्री केलेले, आवाजालासुद्धा इस्त्री. हातात छापील तक्ता. मोटर बदलल्याचे कागद, बॅटऱ्यांचे कागद, पत्र्यांचे कागद त्यांनी एकेक करून पाहिले आणि खुणा केल्या. मग एका रकान्याशी पेन थांबलं.

"दुहेरी क्लच. आहे किंवा नाही."

"विद्यार्थ्याकडे आहे," फ्यूज म्हणाला.

"दुहेरी. शिक्षकाकडेही लागतो."

"साहेब, या गाडीला क्लच लागतच नाही. विजेवर..."

"मग रकाना काय भरू? 'नाही' लिहिलं तर ही शिकवायची गाडी नाही. मी पाचपर्यंत आहे. त्यानंतर परवाना संपलेला असेल आणि नव्याने अर्ज करायचा, तर सहा महिने."

तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. शिक्षकाच्या पायाशी खरा जड पेडल बसवायचा तर गुडघा पुन्हा कामाला लागणार. नाही बसवायचा तर पाटी उतरणार. बाई गाडीच्या छपराला टेकून उभ्या राहिल्या आणि छप्पर तापलेलं आहे हेसुद्धा त्यांच्या लक्षात आलं नाही.

यजमानांनी घसा खाकरला. "माझ्या मशीनचा पेडल चालेल का?"

आम्ही सगळे वळलो.

"विजेचाच आहे. पायाच्या अंगठ्यानेही दबतो. तीस वर्षं मला सांगतेस ना हळू, हळू. तो हळूसुद्धा चालतो."

फ्यूजने त्यांना मिठीच मारली. "भाऊजी! हा तर तयार क्लच आहे!" आणि दोघे रिक्षा करून दुकानाकडे पळाले.

पावणेपाचला शिक्षकाच्या पायाशी शिलाई मशीनचा काळा पेडल बसला होता. त्याला अजून निळ्या धाग्याचा एक तुकडा चिकटलेला होता. साहेबांनी वाकून पाहिलं, सरळ झाले, पुन्हा वाकले.

"हा क्लच?"

"चालवून बघा," बाई म्हणाल्या. "तुम्ही शिका, मी शिकवते."

साहेब विद्यार्थ्याच्या सीटवर बसले. शेजारी बाई, मागे मी. साहेबांनी ताठ मानेने पाय सोडला. आचका, 'घर्र', आणि साहेबांची टोपी माझ्या मांडीवर.

"इंजिन बंद पडलं," साहेब म्हणाले.

"इंजिन नाहीच आहे, साहेब. पुन्हा करा."

पुन्हा आचका. पुन्हा 'घर्र'. साहेबांचे कान लाल झाले. तिसऱ्या वेळी बाईंमधली शिक्षिका गप्प बसेना. "अहो, पाय काढताय की विंचू चावल्यासारखं झटकताय? हाफ क्लच! साहेब, हाफ क्लच!" आणि त्यांनी अंगठ्याने मशीनचा पेडल हलकेच दाबला. गाडी बंद पडता पडता सावरली आणि अशी अलगद सरकली की मैदानातला कावळासुद्धा उडाला नाही.

"अहो, ही जागा!" साहेब ओरडले. आवाजाची इस्त्री पार मोडली. "ही कधी सापडलीच नव्हती मला!"

"आता सापडली ना? पाय तिथेच. बोलू नका. समोर बघा."

एक फेरी झाली, दोन झाल्या, पाच झाल्या. साहेब हसत होते, बाई ओरडत होत्या, मी मागे टोपी सांभाळत होतो. यजमान आणि फ्यूज मैदानाच्या कडेला टाळ्या वाजवत होते. पाच कधी वाजून गेले कोणालाच कळलं नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं तेव्हा ते एकदम गंभीर झाले.

"बाई, पण क्लच 'आहे' लिहिलं तर ते खरं होईल का? आत तर काहीच नाही."

"साहेब, इतका वेळ तुमचा डावा पाय काय करत होता?"

"क्लच दाबत होता."

"माझा?"

साहेबांनी बाईंच्या पायाखालच्या काळ्या पेडलकडे पाहिलं. मग गुडघ्यावर तक्ता ठेवून 'आहे' लिहिलं, वेळेच्या जागी गाडीत बसल्याची वेळ घातली, चार पंचेचाळीस, आणि शिक्का मारला. "तपासणी तेव्हाच सुरू झाली होती," ते म्हणाले. "जरा लांबली, एवढंच."

बाईंनी कागद दोन्ही हातांनी घेतला. त्यातलं 'आहे' दोनदा वाचलं आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

परतताना बाई गाडी चालवत होत्या आणि आम्ही तिघे एकमेकांच्या बोलण्यावर बोलत होतो. बाजाराच्या चौकात गाडी मंदावली, आणखी मंदावली आणि थांबली. आचका नाही, 'घर्र' नाही.

"बॅटरी संपली," फ्यूज म्हणाला. "कशी संपली? प्लग लावला होता ना काल?"

यजमान खिडकीबाहेर बघू लागले. "काल एक पँट इस्त्रीला होती. मी जरा वेळ प्लग काढला."

"आणि परत?"

"...पँट छान झाली."

ऊन कलून गेलेलं. छपरावरचे चारही पत्रे आकाशाकडे तोंड करून गप्प. घर सात-आठशे पावलांवर. आम्ही उतरलो आणि ढकलायला लागलो. फ्यूज शिव्या देत, यजमान माफी मागत आणि मी चष्मा धरून. हसू इतकं येत होतं की जोरच लागेना. बाई एकट्या स्टिअरिंगवर राणीसारख्या बसलेल्या, काच खाली, आणि सूचना चालू. "डावीकडे नका नेऊ! सर, तुम्ही नुसता हात लावलाय, ढकलत नाही आहात!"

भाजीची पिशवी घेतलेली एक बाई आमच्या बरोबरीने चालू लागली. दारावर रंगवलेलं शाळेचं नाव तिने वाचलं आणि खिडकीपाशी आली.

"अहो, तुमची शाळा चालू आहे का?"

"आजच चालू झाली!" बाई म्हणाल्या. "नाव सांगा, उद्यापासून या."

"किती दिवस लागतील हो शिकायला?"

बाईंनी आरशात मागे पाहिलं. घामाघूम झालेले आम्ही तिघे एकमेकांना टेकून हसत होतो. मग त्या तिच्याकडे वळून अगदी शिक्षिकेच्या आवाजात म्हणाल्या,

"चालवायला शिकायचंय की ढकलायला?"